जलपरिचय, शिशूंचा

सु. सहा महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलास पाण्यात उतरण्याची, पाण्यात अंग सैल सोडण्याची, तोंडावर पाणी आले असता न घाबरण्याची आणि आधाराने तरंगण्याची सवय पालकाच्या हातांवर हळूहळू लावणे, यास शिशूंचा जलपरिचय असे म्हणता येईल. पोहण्याच्या कौशल्याची ती पूर्वतयारी आहे. ते कौशल्य नव्हे [⟶ पोहणे]. हा भेद आरंभीच स्पष्ट करणे अवश्य आहे, कारण ‘लहान मुलाला उपजतच पोहता येते’ आणि ‘लवकर शिकविलेले मूल बुडत नाही’ असे दोन समज सुशिक्षितांतही आढळतात. त्यांपैकी पहिला अर्धसत्य आहे आणि दुसरा धोक्याचा आहे.

महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाड्यात, तान्ह्या मुलास पोहण्यासाठी पाण्यात उतरविण्याची रीत नाही. तथापि पाण्याशी त्याची ओळख जन्मानंतर लवकरच होते. बाळंतिणीकडे येणारी सुईण किंवा घरातील आजी न्हाणीघरात पाटावर बसते, पाय लांब सोडते, बाळाला पायांवर पालथे-उताणे घेऊन तेलाने मर्दन करते आणि घंगाळातील ऊन पाणी तांब्याने त्याच्या अंगावर धारेने सोडते. या न्हाऊ-माखू घालण्यात पुढील जलपरिचयाची बरीचशी तत्त्वे अंतर्भूत आहेत : पाणी अंगाच्या उष्णतेइतके ऊन असते, बाळ अनुभवी हातात असते, क्रम ठरलेला असतो आणि सारे थोडक्या वेळात आटोपते. त्याबरोबरच काही अयोग्य प्रथाही चालत आलेल्या आहेत. नाकात फुंकर घालणे, नाकाकानांत तेल सोडणे, डोके दाबून ‘आकार देणे’ व अंघोळीनंतर बंद खोलीत धुरी देणे या गोष्टी टाळावयास हव्यात. नाकातून फुप्फुसात उतरलेल्या तेलाने न्यूमोनिया होऊ शकतो. नवजात अर्भकाची पहिली अंघोळ जन्मानंतर किमान २४ तासांनी घालावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

खरे पोहणे मुले पुढे शिकतात, आणि तेही विहिरीत. नांदेड जिल्ह्यातील देगलूर, बिलोली, मुखेड आणि शेजारच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर या भागात उन्हाळ्याच्या सुट्टीत सात-आठ वर्षांच्या मुलाला त्याचा बाप, चुलता किंवा मामा मळ्यातील विहिरीवर नेतो. मुलाच्या कमरेला दोर बांधतात, पाठीला वाळलेला भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा ओंडका लावतात, आणि दोराचे टोक काठावरच्या माणसाच्या हातात राहते. भोपळ्याची जागा पुढे पत्र्याच्या रिकाम्या डब्याने, नंतर मोटारीच्या ट्यूबने घेतली. दिवसागणिक आधार कमी करीत एके दिवशी तो काढून घेतात. ही पद्धत अशास्त्रीय म्हणून हिणविण्याचे कारण नाही. एका मुलामागे एक जाणता माणूस, शरीराला बांधलेला आधार आणि तो क्रमाक्रमाने कमी करणे, ही तिची तीन अंगे आधुनिक शिक्षणक्रमांतही तशीच आढळतात. तिच्यातील दोष दोन : भित्र्या मुलाला वरून ढकलून देण्याची खोड, आणि मुलींना या शिक्षणातून बहुधा वगळले जाणे. गोदावरीकाठच्या भोई, कोळी इ. समाजांत मुले याहून लवकर पाण्याला सरावतात. पण तेथेही तान्ह्या मुलाला पोहणे ‘शिकविले’ जात नाही.

शारीरिक पार्श्वभूमी : नवजात अर्भकास पाण्यात पालथे धरले असता ते हातपाय लयीत हलविते आणि काही क्षण श्वास रोखते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मर्टल मॅग्रॉ यांनी १९३९ मध्ये या हालचालींचे पद्धतशीर निरीक्षण प्रसिद्ध केले. त्यांना तीन अवस्था आढळल्या. पहिल्या काही महिन्यांतील हालचाली प्रतिक्षेपी, म्हणजे इच्छेविना होणाऱ्या असतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास त्या विस्कळित होतात. मूल धडपडते, उताणे वळते, आधार शोधते. दुसऱ्या वर्षात हेतुपुरस्सर हालचाली दिसू लागतात. यावरून हे उघड होते की, जन्मजात ‘पोहणे’ टिकवून पुढे वाढविता येईल अशी ती शक्ती नसून मज्जासंस्थेच्या वाढीबरोबर मागे पडणारी ती एक अवस्था आहे. शिवाय त्या अवस्थेतही अर्भकास श्वास घेण्यासाठी डोके पाण्याबाहेर काढता येत नाही, आणि पोहण्यात महत्त्वाचे काय असेल तर तेच.

चेहऱ्यास थंड पाणी लागले असता श्वसन थांबणे, हृदयाचे ठोके मंदावणे व त्वचेतील रक्तवाहिन्या आकसणे या एकत्रित प्रतिक्रियेस निमज्जन-प्रतिक्षेप म्हणतात. सील, देवमासा इ. पाण्यात बुडी मारणाऱ्या सस्तन प्राण्यांत तो अत्यंत प्रभावी असतो. मानवी शिशूत तो पहिल्या सहा महिन्यांत ठळकपणे दिसतो व पुढे हळूहळू मंद होत जातो. स्वरयंत्राच्या तोंडाशी पाणी आले की घशाचा मार्ग आवळला जाणे, हाही असाच संरक्षक प्रतिक्षेप आहे. परंतु या दोन्हींमुळे मिळणारा अवधी सेकंदांचा असतो, मिनिटांचा नव्हे. त्यांच्या भरवशावर बाळाला पाण्याखाली नेऊन त्याची छायाचित्रे घेण्याची जी टूम काही ठिकाणी निघाली आहे, तिला शरीरक्रियाविज्ञानाचा आधार नाही.

शिशूच्या देहरचनेतही धोका आहे. जन्मतः डोक्याची लांबी देहाच्या उंचीच्या सु. एक-चतुर्थांश असते, प्रौढात ती सु. एक-अष्टमांश असते. त्यामुळे लहान मुलाचा गुरुत्वमध्य उंचावर असतो. बादलीत वाकून पाहणारे वर्षभराचे मूल डोक्याच्या भाराने आत पडते आणि त्याचे हात स्वतःला उचलण्याइतके बळकट नसल्याने तसेच उलटे राहते. अशा वेळी पाच-सहा सेंमी. खोलीचे पाणीही प्राणघातक ठरते. ओरडणे, हात मारणे, पाणी उडणे यांपैकी काही बहुधा घडत नाही. लहान मूल निःशब्दपणे बुडते.

तिसरी गोष्ट उष्णतेची. वजनाच्या मानाने शिशूच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढाच्या अडीच ते तीन पट असते, आणि पाणी हवेपेक्षा सु. २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. लहान अर्भकास कुडकुडून उष्णता निर्माण करण्याची क्रियाही नीट साधत नाही. म्हणून जे पाणी आईला नुसते गार वाटते, त्यात बाळाचे तापमान काही मिनिटांत उतरू लागते.

चौथी गोष्ट गिळलेल्या पाण्याची. वारंवार बुडी दिल्यास शिशू पुष्कळ पाणी गिळते. त्याची मूत्रपिंडे हा जादा भार चटकन बाहेर टाकू शकत नाहीत व रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते. त्यायोगे सुस्ती, चिडचिड, वांत्या व क्वचित झटके ही लक्षणे काही तासांनी उद्भवतात. शिशूंच्या पोहण्याच्या वर्गांनंतर असे प्रकार घडल्याच्या नोंदी १९८० नंतरच्या वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. बुडी देण्यावर व पाण्यातील वेळेवर मर्यादा घालण्याचा आग्रह तेव्हापासून वाढला.

उपयुक्ततेविषयी पुरावा : पाश्चात्त्य देशांत शिशूंच्या पोहण्याचे वर्ग १९६० नंतर लोकप्रिय झाले. त्यांचे पुरस्कर्ते बुद्धिवाढीपासून निर्भयतेपर्यंत अनेक लाभ सांगतात. त्यांतील थोडेच तपासणीस उतरले आहेत. नॉर्वे व ब्रिटनमधील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका लहान अभ्यासात अशा वर्गांना गेलेल्या मुलांचा तोल व हाताची पकड इतर मुलांहून सरस आढळली. बुडण्यापासून संरक्षण मिळते काय, हा मुख्य प्रश्न. या बाबतीत अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची भूमिका कशी बदलत गेली, हे पाहणे उद्‌बोधक आहे. चार वर्षे पूर्ण होण्यापूर्वी मुले औपचारिक शिक्षणास तयार नसतात, असे तिने २००० मध्ये म्हटले होते. लवकर शिकविल्याने पालक गाफील राहतील, अशीही भीती त्या काळी व्यक्त होत असे. २००९ मध्ये ब्रेनर व त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात बुडून मृत्यू पावलेल्या एक ते चार वर्षांच्या ६१ मुलांपैकी केवळ दोघांनी (सु. ३ टक्के) पोहण्याचे औपचारिक शिक्षण घेतले होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या १३४ मुलांत हे प्रमाण २६ टक्के होते. संख्या लहान असल्याने नेमका लाभ किती हे त्यावरून ठरविता येत नाही. पण शिक्षणाने धोका वाढतो ही भीती निराधार ठरली. त्यानंतर अकादमीने २०१० मध्ये आपली भूमिका शिथिल केली व २०१९ मध्ये एक वर्षानंतरच्या शिक्षणाचा लाभ मान्य केला. एक वर्षाखालील शिशूंच्या वर्गांनी बुडण्याचा धोका कमी होतो असा पुरावा नाही, हे मात्र तिने स्पष्टपणे नोंदविले. थोडक्यात, पहिल्या वर्षातील जलपरिचय आनंदासाठी व सवयीसाठी करावा, सुरक्षिततेसाठी नव्हे.

मराठवाड्यातील स्थिती : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगात सु. ३ लाख लोक बुडून मरण पावले आणि त्यांपैकी जवळजवळ एक-चतुर्थांश पाच वर्षांखालील मुले होती. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये अशा मृत्यूंची संख्या ३८ हजारांवर होती. नोंद न झालेले मृत्यू त्यात नाहीत, आणि खेड्यातील तान्ह्या मुलाच्या मृत्यूची नोंद राहून जाण्याचा संभव सर्वाधिक असतो.

अवर्षणप्रवण प्रदेशात बुडण्याचा धोका कमी असावा, असे सकृद्दर्शनी वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. जेथे नळाला रोज पाणी येत नाही, तेथे ते साठवावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, ही घटना सर्वश्रुत आहे. पण त्या वर्षापूर्वी व नंतरही या दोन जिल्ह्यांतील असंख्य घरांत रांजण, पिंप, हौद, जमिनीखालची टाकी आणि बादल्या भरून ठेवणे हा संसाराचा नित्याचा भाग राहिला आहे. रांगत्या मुलाच्या दृष्टीने विहिरीपेक्षा ही भांडी जवळची, आणि म्हणून अधिक घातक. हौदाला झाकण, पिंपाला घट्ट बसणारा पत्रा व त्यावर वजन, न्हाणीघराच्या दाराला मुलाच्या हाताबाहेर कडी आणि वापरून झालेली बादली पालथी घालण्याची सवय, यांना खर्च जवळजवळ नाही.

घराबाहेर दुसरे जलाशय आहेत. कठडा नसलेल्या विहिरी पूर्वापार आहेत. त्यांत शेततळ्यांची भर पडली. राज्य शासनाच्या २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर शेततळ्यांची संख्या झपाट्याने वाढली, व पाणी मुरू नये म्हणून अनेकांना प्लॅस्टिकचे अस्तर घालण्यात आले. या अस्तरावर शेवाळ धरते. उतार तिरपा असल्याने पडलेल्याला पाय रोवता येत नाही. पोहता येणारा प्रौढही तेथून बाहेर निघताना घसरून दमतो. अस्तर घातलेल्या तळ्याच्या चारही अंगांना सव्वा मी. तरी उंचीचे कुंपण, आपोआप मिटणारे फाटक आणि काठापासून तळापर्यंत सोडलेले गाठींचे दोर वा शिडी असावी. देगलूर तालुक्यात लेंडी ही मांजरा नदीची उपनदी वाहते. पावसाळ्यात अशा नद्या अल्पावधीत फुगतात. ऑगस्ट २०२५ मध्ये लेंडी खोऱ्यातील मुखेड तालुक्याच्या हसनाळ, रावणगाव इ. गावांत पाणी शिरून जीवितहानी झाली. पोळ्याला बैल धुण्यासाठी तळ्यावर व धुणे धुण्यासाठी नदीवर गेलेल्या वडीलधाऱ्यांबरोबर लहान मुले जातात. मोठ्यांचे हात कामात असतात, आणि नेमके तेव्हाच मूल पाण्याकडे सरकते.

कृती : जलपरिचयासाठी नदी, विहीर, तळे वा शेततळे वर्ज्य समजावे. नांदेड, लातूर यांसारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी तरणतलाव आहेत, परंतु शिशूंसाठी पाणी तापविण्याची सोय लहान शहरांत सहसा नसते. देगलूरसारख्या गावी राहणाऱ्या पालकांस अंगणातील मोठे घंगाळ, परात किंवा प्लॅस्टिकचा टब पुरेसा आहे. बाळाला बसविले असता पाणी त्याच्या छातीच्या खाली राहावे. दीड-दोन वर्षांनंतर आई किंवा वडील स्वतः उतरू शकतील असा उथळ, स्वच्छ व तळ दिसणारा तलाव मिळाल्यास उत्तम.

पाण्याचे तापमान सहा महिन्यांखालील शिशूसाठी किमान ३२° से. व मोठ्यांसाठी किमान ३०° से. असावे. मराठवाड्यातील विहिरीचे पाणी साधारणतः तेथील वार्षिक सरासरी तापमानाइतके, म्हणजे सु. २६–२८° से. असते, भर उन्हाळ्यातही ते शिशूला गारच आहे. सकाळी टब भरून उन्हात ठेवल्यास दोन-तीन तासांत पाणी कोमट होते. मात्र काळ्या नळीतून किंवा गच्चीवरील टाकीतून उन्हाळ्यात थेट आलेले पाणी पोळण्याइतके तापलेले असू शकते. म्हणून ते नेहमी ढवळून व कोपर बुडवून पाहावे. भरलेला टब तापत असताना तो उघड्यावर सोडून घरात जाऊ नये, हे वर सांगितलेल्या कारणास्तव वेगळे सांगावयास नको. दहा ते चार या वेळेतील ऊन टाळावे.

मूल भुकेलेले वा नुकतेच दूध प्यालेले नसावे. दूध पाजून तासभर झालेला असावा. मर्दन व पाण्यातील खेळ एकाच वेळी करू नयेत, कारण तेल लावलेले बाळ ओल्या हातांतून निसटते. आपल्याकडील घरांत ही चूक सहज घडण्यासारखी आहे. गळ्यातील ताईत, काळा दोरा व साखळी काढून ठेवावी. ताप, सर्दी-खोकला, जुलाब, कान वाहणे, उघडी जखम यांपैकी काही असल्यास पाण्यात नेऊ नये. अकाली जन्मलेल्या, जन्मजात हृद्‌रोग असलेल्या किंवा झटके येणाऱ्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा. लस टोचली म्हणून पाणी वर्ज्य होत नाही.

प्रारंभी काही दिवस केवळ पाणी शिंपडणे, तांब्याने खांद्यावर व मानेमागे धार सोडणे एवढेच करावे. धार सोडण्यापूर्वी दर वेळी एकच शब्द उच्चारावा. मूल तो ओळखू लागते व श्वास आवरून धरते. धार डोक्यावरून चेहऱ्यावर येऊ देण्याची पायरी यानंतरची. मोठ्या पाण्यात बाळाला दोन्ही बगलांखाली धरून समोरासमोर ठेवावे, जेणेकरून त्याला पालकाचा चेहरा सतत दिसेल. त्यानंतर त्याचे डोके आपल्या खांद्यावर टेकवून त्याला उताणे धरावे व कान पाण्यात जाऊ द्यावेत. पुष्कळ मुले याच पायरीवर रडतात. अशा वेळी माघार घेऊन पुन्हा शिंपडण्यावर यावे. रडत्या मुलाला धरून ठेवल्याने भीती पक्की होते आणि ती पुढे काढणे कठीण जाते. एक वर्षानंतर पाण्यावर फुंकर घालून बुडबुडे काढणे, काठ धरून पाय मारणे, काठावरून पालकाच्या हातात उतरणे व वळून पुन्हा काठ पकडणे हे खेळ घेता येतात. यांपैकी शेवटचा खेळ सर्वांत उपयुक्त होय. पाण्यात पडल्यावर वळून काठ धरण्याची सवय एखाद्या वेळी प्राण वाचवील. हातपाय मारून दोन मी. पुढे जाणे तितके उपयोगी नाही. शिशूला जाणूनबुजून पाण्याखाली नेऊ नये, फेकू नये.

पहिल्या वेळी दहा मिनिटे पुरेत. पुढे वीस व कोणत्याही परिस्थितीत तीसपेक्षा अधिक नको. ओठ निळसर होणे, हनुवटी थरथरणे, अंगावर काटा येणे किंवा मूल एकाएकी गप्प होणे यांपैकी काही दिसताच बाहेर घ्यावे. कोरड्या पंचात गुंडाळून आधी डोके पुसावे, कपडे घालावेत व पाजावे. कानात काडी घालू नये. या सर्व काळात एका मुलास एक प्रौढ, व तोही हाताच्या अंतरावर, हा नियम अपवाद जाणत नाही. दारावर कोणी आले किंवा दूरध्वनी वाजला तर मुलास बरोबर उचलून न्यावे. पाच-सात वर्षांच्या भावंडावर क्षणभरही सोपवू नये. अनेक दुर्घटनांत मूल ‘ताईजवळ’ होते असे आढळते.

हवेने फुगविण्याची दंडपट्टी, कमरेचे कडे, गळ्याभोवतीचे कडे ही खेळणी आहेत, संरक्षक साधने नव्हेत. ती उलटतात, निसटतात, त्यांची हवा जाते. गळ्याभोवतीच्या कड्यांविषयी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ मध्ये धोक्याची सूचना दिली होती; विशेषतः स्नायू दुर्बल असलेल्या मुलांसाठी ती घातक ठरतात. विहिरीवरचा भोपळा व दोर यांहून निदान एका बाबतीत सरस होता : त्याचे दुसरे टोक कोणाच्या तरी हातात असे.

पाण्याची शुद्धता : टबात पिण्याच्या योग्यतेचे पाणी घ्यावे व वापरून झाल्यावर ओतून द्यावे. तरणतलावात मुक्त क्लोरीन दर लिटरमागे १ ते ३ मिग्रॅ. व अम्लता-निर्देशांक ७·२ ते ७·८ असावा लागतो. तीव्र ‘क्लोरिनचा वास’ हे स्वच्छतेचे लक्षण समजले जाते, ते चुकीचे आहे. घाम, मूत्र इत्यादींशी क्लोरिनाचा संयोग होऊन बनणाऱ्या क्लोरामिनांचा तो वास असतो, आणि बंदिस्त तलावांत त्यांचा शिशूंच्या श्वासमार्गावर काय परिणाम होतो याविषयी मतभेद आहेत. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब घडविणारा परजीवी नेहमीच्या क्लोरिनाला दाद देत नाही. लंगोटामुळे विष्ठा आवरते, जंतू आवरत नाहीत. म्हणून जुलाब झालेल्या मुलास बरे झाल्यावरही दोन आठवडे सार्वजनिक तलावात नेऊ नये. साचलेल्या कोमट गोड्या पाण्यात नेग्लेरिया फौलेरी हा अमीबा असू शकतो. तो नाकावाटे मेंदूत शिरून बहुधा प्राणघातक ज्वर निर्माण करतो. केरळात २०२४ व २०२५ मध्ये असे रुग्ण आढळले. पायऱ्यांच्या विहिरी व बारवा यांच्याशी निगडित असलेला नारू हा रोग मात्र आता इतिहासजमा आहे. पाण्यात उतरणाऱ्या रोग्याच्या पायातून त्याच्या अळ्या पाण्यात जात व तेच पाणी पिणाऱ्यांना रोग होई. भारतातील अखेरचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला.

पुढील शिक्षण : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघर, व सहा वर्षांपासून पुढे पोहणे व जलसुरक्षा यांचे प्राथमिक शिक्षण हे दोन उपाय सर्वांत भरवशाचे आहेत. ही तत्त्वे बव्हंशी बांगलादेशातील अनुभवावर आधारलेली आहेत. तेथे सकाळी नऊ ते दुपारी एक या वेळेत, म्हणजे आई घरकामात गुंतलेली असताना, लहान मुले घराजवळच्या डबक्यांत व तळ्यांत बुडत. एक ते पाच वर्षांच्या मुलांसाठी त्याच वेळात चालणारी ‘आँचल’ ही ग्रामीण पाळणाघरे काढल्यावर मृत्यू लक्षणीयरीत्या घटले. मोठ्या मुलांसाठी गावच्याच तळ्यात बांबूचे मचाण बांधून २५ मी. पोहणे, ३० सेकंद तरंगणे व काठावरून बुडणाऱ्यास साहाय्य करणे या तीन गोष्टी शिकविण्यात आल्या. यासाठी महागडा तलाव लागला नाही. भारतात एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली १९७५ पासून अंगणवाड्या सुरू झाल्या. परंतु तीन वर्षांखालील मूल तेथे दिवसभर राहत नाही, आणि सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत ते शेताच्या बांधावर झाडाला टांगलेल्या झोळीत किंवा विहिरीजवळच्या सावलीत असते. केंद्र शासनाच्या आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०२३ मध्ये बुडणे टाळण्याविषयीचा धोरणात्मक आराखडा प्रसिद्ध केला. त्याचा खरा कस हंगामी पाळणाघरांच्या बाबतीत लागेल.

प्रथमोपचार : बुडालेल्या मुलास पाय धरून उलटे टांगणे, गरगर फिरविणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार खेड्यांत अजून चालतात. त्यांत अमूल्य वेळ जातो, व पोटातील पाणी श्वासमार्गात येऊन अपाय होतो. प्रश्न पोटातल्या पाण्याचा नसून रक्तातील ऑक्सिजनाचा असतो. मूल श्वास घेत नसल्यास त्याला कठीण पृष्ठावर उताणे ठेवावे, डोके किंचित मागे करून हनुवटी उचलावी आणि प्रथम पाच वेळा (काही देशांतील पद्धतीनुसार दोन वेळा) तोंडाने श्वास द्यावा. एक वर्षाखालील शिशूचे नाक व तोंड दोन्ही आपल्या तोंडात घेऊन छाती उचलली जाईल एवढीच हवा फुंकावी. हालचाल न दिसल्यास छातीच्या मध्यभागी दाब द्यावा. शिशूसाठी दोन्ही हातांनी छाती वेढून दोन अंगठ्यांनी सु. ४ सेंमी. व मोठ्या मुलासाठी एका तळव्याने सु. ५ सेंमी. खोल, मिनिटास १०० ते १२० या गतीने, दर ३० दाबांनंतर दोन श्वास असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवावा. दुसऱ्या माणसाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. देगलूरहून नांदेड सु. ८० किमी. आहे, मोठ्या रुग्णालयात जे करता येईल त्याचे यश बहुतांशी काठावरच्या पहिल्या चार-पाच मिनिटांवर ठरते. जी मुले पाच मिनिटांच्या आत बाहेर काढली जातात, ती बहुधा पूर्ण बरी होतात. शुद्धीवर येऊन रडू लागलेल्या मुलासही रुग्णालयात नेऊन सहा ते आठ तास देखरेखीखाली ठेवावे. फुप्फुसात गेलेल्या थोड्याशा पाण्यानेही त्याच्या वायुकोशांचे अस्तर बिघडते, आणि खोकला, धाप व सुस्ती ही लक्षणे काही तासांनी दिसू लागतात.